सड्यावरची फुलं, कागदावरचे ठसे

पांढरं फूल पांढऱ्या कागदावर कसं काढायचं? एरवी हा प्रश्न चित्रकलेच्या वर्गात कधीतरी निघतो. रत्नागिरीच्या सड्यावर तो पहिल्याच पावसात समोर येऊन उभा राहतो. मे महिनाभर ज्या काळ्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, त्याच कातळाच्या भेगांतल्या चिमूटभर मातीतून मृगाच्या चार चांगल्या सरींनंतर दीपकाडी वर येते. गवतासारखी अरुंद पानं, सरळ दांडा आणि त्यावर नळीच्या आकाराची, टोकाशी सहा भागांत उलगडणारी शुभ्र फुलं. तिच्या मागोमाग फोडशी, तीही पांढरी. मग जमिनीला चिकटलेल्या एकुलत्या गोलसर पानातून निघणारी हबे आमरी, तीही पांढरी. श्रावण-भाद्रपदात सडाभर गेंदांच्या टिकल्या उमटतात, त्याही पांढऱ्याच. हौसेनं रंगपेटी घेऊन निघालेल्या माणसाची पहिल्याच दिवशी फजिती व्हावी, असा हा सगळा बेत आहे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. घरांना चिरे मिळतात ते ह्याच दगडाचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलूनही इथे माती फारशी टिकत नाही. जी टिकते ती खोलगट जागी, बोटभर जाडीची. तिच्यात नत्र कमी. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही, म्हणून चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या बुटक्या वनस्पतींचं इथे राज्य. नत्राची उणीव काहींनी भलत्याच मार्गानं भरून काढली आहे. सीतेची आसवं हे नाव कितीही हळवं असलं, तरी त्या निळ्या-जांभळ्या फुलाच्या तळाशी, ओल्या मातीत, सूक्ष्म जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात. दवबिंदू तर पानांवरच्या चिकट थेंबांनी उघड्यावरच कीटक धरतो. चित्र काढणाऱ्यानं हे ठाऊक करून घ्यावं, कारण त्यावरून काय काढायचं ते ठरतं. नुसतं फूल काढलं तर सीतेच्या आसवांची अर्धी गोष्ट जमिनीखाली राहते.

आता पांढऱ्या फुलाचा प्रश्न. त्याचं उत्तर असं, की फूल काढायचंच नाही; त्याच्या मागचं गवत, कातळ, सावली काढायची. पेन्सिल फुलाच्या कडेपर्यंत नेऊन थांबवायची. मागचा गडदपणा जसजसा भरत जातो, तसतसं फूल आपोआप कागदावर उरतं. हे सांगायला सोपं आणि हाताला अवघड आहे, कारण हाताला सवय असते ती वस्तूची बाह्यरेषा आधी ओढून टाकायची. ती रेषा एकदा काळी पडली, की पाकळीला तारेची कड लागल्यासारखी दिसते आणि फुलाचा नाजूकपणा संपतो.

सड्यावर काम करायचं तर साहित्य थोडकं हवं. एचबी आणि टूबी पेन्सिल, दहापट मोठं दाखवणारं भिंग, सहा इंची पट्टी, जाड पुठ्ठ्याची वही आणि ती सबंध मावेल अशी प्लास्टिकची पिशवी. शाईच्या पेनाचा उपयोग नाही, एका थेंबानं तासाभराचं काम वाहून जातं. मोबाइलवर फोटो जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर घरी येऊ नये. तेरड्याच्या फुलाला मागे बारीक शेपटीसारखी नळी असते, तिच्यात मध असतो. समोरून घेतलेल्या फोटोत ती दिसतच नाही. वहीत मात्र फुलाचं एक समोरून, एक बाजूनं आणि एक मागून अशी तीन छोटी रेखाटनं शेजारीशेजारी बसतात. त्यांच्याखाली तारीख, जागा, पट्टीनं मोजलेली उंची आणि रंगाची नोंद शब्दांत. पावसाळी उजेडात जांभळा कुठला आणि निळा कुठला हे नंतर आठवत नाही.

भिंगाचं महत्त्व गेंदापाशी कळतं. दुरून तो शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका. भिंग लावलं, की दिसतं की ते एक फूल नाहीच, कितीतरी सूक्ष्म फुलांची गच्च बांधलेली गुंडी आहे आणि पांढऱ्यावर विखुरलेले काळे कण म्हणजे परागकोश आहेत. हे कण चित्रात आले नाहीत, तर गेंद आणि सांडलेली साबुदाण्याची खिचडी यांत फरक राहत नाही. कवल्याचंही तसंच. पिवळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर दोन तांबडे डाग असतात, त्यांवरून हल्लीची मुलं त्याला मिकी माउस म्हणतात. ते दोन ठिपके चुकले तर बाकी सगळं बरोबर असूनही चित्र कवल्याचं होत नाही. प्रत्येक फुलात अशा दोन-तीनच गोष्टी असतात, ज्या सोडून चालत नाहीत. बाकीच्या सोडता येतात. पुढे ठसा कोरताना हीच यादी कामाला येते.

ह्या सड्यांवर बसून चित्रं काढणारे लोक फार पूर्वीपासूनचे आहेत. कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ यांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. कातळशिल्पांकडे ठसा कोरणाऱ्याच्या नजरेनं पाहावं. कोरणाऱ्याला छटा नव्हत्या, रंग होता की नाही कुणास ठाऊक; हातात होती फक्त खोदलेली जागा आणि न खोदलेली जागा. तेवढ्यावर हत्ती हत्ती दिसतो, मासा मासा दिसतो. लिनोच्या तुकड्यावर फूल कोरणाऱ्याकडेही एवढंच भांडवल असतं. (फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून शिल्पांत खडू भरणारे आणि कागद ठेवून त्यांवर घासणारे महाभाग सापडतात. कातळशिल्प हा ठसा काढायचा साचा नव्हे. लांबून बघावं, वहीत काढावं.)

छापील वनस्पतिचित्रांच्या इतिहासातही आपल्या किनाऱ्याचा मोठा वाटा आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही. ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानं तो सिद्ध केला. त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ साली दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीतल्या कोंकणीत छापलेलं आहे आणि अनेक चित्रांवर वनस्पतींची कोंकणी नावंही नागरीत कोरली आहेत. नागरी अक्षरं छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत ह्याची गणना होते. म्हणजे आपल्या लिपीच्या छपाईची सुरुवात शोधायला निघालं, तर वाटेत रानफुलांची पुस्तकं लागतात. आपली कळलावीही ह्याच ग्रंथात, सातव्या खंडात, मेंदोणी ह्या मलयाळी नावानं आहे.

पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यानं एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून १८४७ ते १८५० च्या दरम्यान वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, चित्रकाराचं कुठेच नोंदलं गेलं नाही. त्याच सुमारास कोकणात जकात खात्यात नोकरी करणारा निकोल डॅल्झेल फावल्या वेळात झाडं तपासत होता. दीपकाडीच्या कोकणी जातीला शास्त्रीय नाव मिळालं ते त्याच्याकडून आणि त्या नावात कोकणही आलं. गिब्सन आणि डॅल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली निघाला. नाव ठेवणारे आणि चित्र काढणारे यांच्यात इतिहास कुणाची बाजू घेतो, हे ह्यावरून दिसतंच.

आता छपाईकडे. घरच्या घरी, प्रेसशिवाय कार्डं छापायची तर लिनोसारखं सोयीचं माध्यम नाही. जवसाचं तेल, बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा आणि राळ यांचा लगदा तागाच्या कापडावर थापून हे बनतं. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टननं १८६०च्या दशकात ते जमिनीवर अंथरायला काढलं. चित्रकारांनी ते पुढे टेबलावर घेतलं. मुंबईत अंधेरीला राहून चित्तप्रसादनी (१९१५–१९७८) लिनोतून जी मुलं, कामकरी माणसं कोरली, ती पाहिली की ह्या स्वस्त सामग्रीतून किती ताकद काढता येते ते समजतं. फार छोटं फूल असेल, सीतेच्या आसवांसारखं, तर शाळेचं खोडरबरही पुरतं. भेंडी कापून ठसे उमटवलेल्या कुणालाही तत्त्व नव्यानं शिकवावं लागत नाही.

तत्त्व एवढंच, की कोरून काढलं ते कोरं राहतं, ठेवलं ते छापतं. आणि इथे सड्याचा पांढरा प्रश्न एका फटक्यात सुटतो. पेन्सिलीला सर्वांत अवघड असलेलं पांढरं फूल लिनोला सर्वांत सोपं आहे. दीपकाडी कोरून काढा, मागचा भाग तसाच ठेवा, गडद हिरवी किंवा काळी शाई लावा; कागदाचा पांढरा रंगच फूल होतो.

अडचण येते ती आरशाची. ठसा उलटा उमटतो. बहुतेक फुलांना त्यानं बिघडत नाही, पण वेलांना बिघडतं. करांद्याचा वेल आधाराभोवती एका दिशेनं वळतो आणि कोनफळाचा बरोबर विरुद्ध दिशेनं; दोन्ही एकाच कुळातले, दोन्ही कोकणातल्या घरांत उकडून खाल्ले जाणारे कंद. उलट-सुलट न पाहता करांदा छापला, तर पानं करांद्याची आणि वळण कोनफळाचं असं झाड तयार होतं, जे कुठल्याही परसात सापडणार नाही. कुड्याच्या फुलांतही पाकळ्या एकमेकींवर ठरावीक बाजूनं चढलेल्या असतात आणि पांढरा कुडा व काळा कुडा यांच्यात ही बाजू वेगवेगळी असते. कार्ड घेणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना हे कळणार नाही, हे खरं. उरलेला एक बहुधा तुमचा वनस्पतिशास्त्राचा मास्तर असतो. उपाय सोपा आहे. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं चित्र उतरवायचं, तो कागद पालथा लिनोवर ठेवायचा आणि मागून नखानं घासायचा. लिनोवर चित्र उलटं येतं, म्हणून कागदावर सुलटं छापतं. कार्बन पेपर लावून थेट गिरवणारे इथेच फसतात.

कोरताना हत्यार नेहमी लिनो धरलेल्या हातापासून दूर ढकलायचं. डिसेंबरच्या सकाळी लिनो कडक वाटला, तर पाच मिनिटं उन्हात ठेवला की मऊ होतो. आधी बारीक रेषा, मग मोठी जागा. उलट केलं तर बारीक रेषांच्या कडा तुटतात. शाई काचेवर किंवा फरशीच्या तुकड्यावर रोलरनं पातळ पसरायची. रोलर फिरताना चिकट, बारीक चरचर ऐकू येऊ लागली, की जाडी बरोबर झाली असं समजावं. पच्‌पच् आवाज आला तर शाई जास्त आहे. ती बारीक रेषांत बसून सगळं चित्र बुजवून टाकते. शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासायचं, एक कोपरा उचलून बघायचं, फिकट वाटलं तर तो कोपरा सोडून पुन्हा घासायचं. पहिले तीन-चार ठसे वर्तमानपत्रावर काढावेत. नवा लिनो शाई पितो.

दोन रंगांचं कार्ड करायला कळलावीइतकं चांगलं फूल नाही. तिच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटेसारख्या, पानांची टोकंच आकडे होऊन आधाराला धरणारी आणि स्त्रीकेसराचा दांडा तळाशी काटकोनात मोडल्यासारखा वळलेला. हा काटकोन विसरलात तर कळलावी उरत नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत हे फूल घराघरांत येतं, मात्र कंद जहाल विषारी असल्यानं लहान मुलांच्या हाती देऊ नये. फूल उमलतं तेव्हा हिरवट पिवळं असतं, दिवस जातील तसं तांबडं होत जातं. छपाईतही तोच क्रम धरता येतो. आधी लिनोवर थोडंच कोरून सगळ्या कार्डांवर पिवळा छापायचा. मग पाकळ्यांचा जो भाग पिवळाच हवा, तो त्याच लिनोवरून कोरून टाकायचा आणि वरून तांबडा छापायचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पिकासोनं फ्रान्समध्ये ही पद्धत गाजवली. ह्यात परतीचा रस्ता नाही. दुसऱ्यांदा कोरलं की पहिला ठसा कायमचा गेला, म्हणून चाळीस कार्डं हवी असतील तर पिवळी पन्नास छापून ठेवावीत. दोन्ही वेळा कागद नेमक्या जागी बसावा म्हणून पुठ्ठ्यावर लिनोची आणि कागदाची कड आखून घ्यावी. तरी दोन-चार कार्डांत तांबडा थोडा सरकतोच. तो जरा सरकलेला मला आवडतो. दुकानातल्या कार्डाला ते जमत नाही.

छापायचं कधी, हे रत्नागिरीत हवा ठरवते. श्रावणात तेलाची शाई दिवसेंदिवस वाळत नाही आणि कागद सादळून वाकतो. म्हणून पावसाळा चित्रं काढायला आणि दसऱ्यानंतरचा कोरडा काळ छपाईला, अशी वाटणी आपोआप होते. दिवाळीची कार्डं घाईची होतात, संक्रांतीची निवांत. तिळगुळाचे चार दाणे घालून संक्रांतीचं भेटकार्ड पाठवायची रीत मराठी घरांत कितीतरी वर्षं होती, ती पुन्हा धरायला हरकत नाही.

कागदासाठी फार शोधाशोध नको. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून कापसाच्या चिंध्यांचा कागद करते आणि अशा कागदावर शाई छान बसते. अडीचशे जीएसएमचा ए-फाइव्ह कागद मधोमध दुमडला, की टपाल पाकिटात जाणारं कार्ड होतं. हिशोब केला तर त्याचं वजन साधारण आठ ग्रॅम भरतं, पाकीट धरून टपालाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. दाणे मोजून घालावेत. फार खडबडीत कागद घेतला, तर घासताना चमचा अडकतो आणि गेंदाचे काळे कण उमटत नाहीत.

हातानं केलेलं कार्ड म्हटलं की कोकणात सावंतवाडीची गंजिफा आठवलीच पाहिजे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पत्ते असतात आणि प्रत्येक पत्ता हातानं रंगवून वर लाखेचा हात दिलेला असतो. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला विसाव्या शतकात मोडता मोडता सावरली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. एका गंजिफेत किती श्रम आहेत हे पाहिलं, की तिची किंमत का जास्त असते ते कळतं. ठशाचं कार्ड हे त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. कोरायला वेळ लागतो, पण एकदा कोरलं की पन्नास घरांत एकच फूल जातं आणि तेही परवडणाऱ्या पैशांत. कार्डं विकून काम उभं करण्याचे दाखलेही आहेत. १९४९ साली युनिसेफनं चेकोस्लोव्हाकियातल्या एका लहान मुलीचं चित्र पहिलं भेटकार्ड म्हणून छापलं. मुंबईत १९७९ मध्ये सुरू झालेल्या क्राय संस्थेची कार्डं तर अनेकांच्या घरी येऊन गेली असतील.

छापून झालेल्या कार्डाच्या तळाशी पेन्सिलीनं डावीकडे ठशाचा क्रमांक लिहितात, ३/४० असा. म्हणजे चाळिसांतला तिसरा. उजवीकडे सही. मागच्या बाजूला फुलाचं इथलं नाव आणि महिना लिहावा. जागेचं नाव लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा. तेरडा, कुरडू, कवला यांचं गाव खुशाल सांगा. दीपकाडी, आमरी यांच्यासाठी नुसतं ‘रत्नागिरीचा सडा’ एवढं पुरे, कारण त्यांचे कंद उकरून कुंडीत लावायला नेणारे लोक आहेत आणि कुंडीत त्या बहुधा दुसरा पावसाळा पाहत नाहीत.